रंग उडाला, पण पाणी शुद्ध झाले का?

मा. संपादक,

झाडाच्या पानांचा अर्क आणि धातूचा एखादा क्षार एकत्र तापवायचा, त्यातून धातूच्या ऑक्साइडचे नॅनोकण मिळवायचे आणि त्यांनी पाणी शुद्ध करायचे, अशा प्रयोगांच्या बातम्या वृत्तपत्रांत वरचेवर येतात. सोबतच्या छायाचित्रात दोन नळ्या असतात, एकीत निळे पाणी आणि दुसरीत नितळ. शिकण्यासाठी हा प्रयोग उत्तम आहे आणि तो जास्तीत जास्त विद्यार्थ्यांनी करावा असेच आम्हाला वाटते. पण त्या छायाचित्रामुळे रंग गेलेले पाणी पिण्याजोगे झाले असा समज पसरतो आणि तो धोक्याचा आहे. हा विषय शिकवणारे म्हणून, प्रयोग नीट कसा करावा, तो कुठे फसतो आणि त्याच्या निकालावर कितपत विसंबावे, हे जरा तपशिलात लिहीत आहोत.

सुरुवात अर्काच्या कामापासून करू. बहुतेक अहवालांत ‘अर्कातील पॉलिफिनॉल धातूच्या आयनांचे क्षपण करतात’ असे वाक्य असते (पॉलिफिनॉल ही पानांतली तुरट संयुगे; क्षपण म्हणजे आयनाला इलेक्ट्रॉन मिळणे). चांदी आणि सोन्याच्या बाबतीत ते बरोबर आहे. चांदीच्या आयनाचा प्रमाण विभव (तो जितका जास्त धन, तितके क्षपण सोपे) +०.८० व्होल्ट असतो, त्यामुळे पानांतल्या सौम्य क्षपणकांकडूनही त्याचे धातूत रूपांतर होते. जस्ताचा विभव मात्र −०.७६ व्होल्ट आहे. पॉलिफिनॉलने जस्ताचे आयन धातूपर्यंत नेणे शक्य नाही आणि तशी गरजही नाही, कारण झिंक ॲसिटेटमध्ये जस्त +२ अवस्थेत असते आणि झिंक ऑक्साइडमध्येही +२ अवस्थेतच राहते. इथे अर्कातले रेणू जस्ताच्या आयनांना धरून ठेवतात, कण वाढताना त्यांच्या पृष्ठभागावर बसतात आणि पुढे भट्टीत इंधन म्हणून जळतात. टायटॅनियम डायऑक्साइडच्या बाबतीत तर अर्काचे श्रेय आणखी तपासून पाहावे लागते. टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड नुसत्या पाण्याशी गाठ पडताच विघटित होऊन पांढरा साका देतो. म्हणून तेच प्रमाण, तेच तापमान, तोच वेळ ठेवून अर्काऐवजी साधे ऊर्ध्वपातित पाणी घातलेली दुसरी तुकडी केलीच पाहिजे. दोन्ही पुडी सारख्याच निघाल्या तर अर्काचा उपयोग झाला नाही, असे अहवालात सरळ लिहावे. हा निष्कर्षही मोलाचा आहे.

लोहाच्या क्षारात चहाचा किंवा पेरूच्या पानांचा अर्क घातला की द्रावण क्षणात काळे होते आणि ‘शून्य संयुजेचे लोह’, म्हणजे धातूरूप लोह, तयार झाले असे जाहीर केले जाते. फेरिक आयनाचे फेरसमध्ये क्षपण पॉलिफिनॉल करू शकतात. पुढे धातूरूप लोहापर्यंत जायला −०.४४ व्होल्टची पायरी ओलांडावी लागते आणि ते त्यांच्या आवाक्याबाहेर आहे. तो काळा रंग बहुधा लोह-टॅनिनच्या संकुलाचा असतो. जुन्या काळची काळी शाई याच रसायनशास्त्रावर बनत असे. ओळखणे अवघड नाही. जोरदार चुंबक लावला तरी काळेपणा जागचा हलत नाही, ऑक्झॅलिक आम्ल घातले की रंग फिका पडतो आणि क्ष-किरण विवर्तनात (स्फटिकांची रचना ओळखण्याच्या चाचणीत) लोहाचे टोकदार शिखर दिसत नाही.

आता कृती. आम्ही झिंक ऑक्साइडची देत आहोत, कारण शिकताना ती सर्वांत कमी त्रासाची आहे. पाने ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन सावलीत कडक वाळवावीत आणि पूड करावी. १० ग्रॅम पूड १०० मिलिलिटर पाण्यात ७० ते ८० अंश सेल्सियसला २० ते ३० मिनिटे ठेवावी. खळखळून तासभर उकळू नये. त्याने उपयोगी रेणू बिघडतात आणि डिंकासारखा चिकट भाग जास्त उतरतो, जो पुढे धुतानाही सुटत नाही. थंड झाल्यावर आधी कापडातून, मग गाळणकागदातून गाळावे. अर्क शक्यतो त्याच दिवशी वापरावा. ४ अंशाला ठेवला तर दोन-तीन दिवस चालतो, त्यानंतर आंबतो आणि त्याचा सामू बदलतो. आठवडाभराच्या फरकाने केलेल्या दोन तुकड्या जुळत नाहीत, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

२.२ ग्रॅम झिंक ॲसिटेट डायहायड्रेट ८० मिलिलिटर पाण्यात विरघळवून ६० ते ७० अंशाला ढवळत ठेवावे आणि त्यात २० मिलिलिटर अर्क थेंबथेंब सोडावा. त्यानंतर १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण सावकाश घालत सामू १० ते ११ वर आणावा. हिशेबाने त्याचे सुमारे २० मिलिलिटर जस्तालाच लागते. अर्क आम्लधर्मी असल्याने प्रत्यक्षात थोडे जास्त जाते. ‘कोणतेही रसायन न वापरता’ असे ज्या प्रयोगांबद्दल छापले जाते, त्यांतल्या बऱ्याच प्रयोगांत हे सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, असतेच. सामू ८ ते ९ वरच थांबवला तर ऑक्साइडऐवजी जस्ताचे थरदार क्षारीय ॲसिटेट मिळण्याची शक्यता असते. १३ च्या पलीकडे गेला तर साका पुन्हा विरघळून झिंकेट होते, कारण झिंक ऑक्साइड आम्लात विरघळते तसेच तीव्र अल्कलीतही विरघळते. दोन तास ढवळून साका सेंट्रिफ्यूजने वेगळा करावा.

धुण्यात सर्वांत जास्त आळस होतो आणि सर्वांत जास्त चुका इथूनच पुढे जातात. तीन वेळा धुतले एवढे लिहून भागत नाही. धुवणाच्या पाण्याची विद्युतवाहकता मोजावी आणि ती ऊर्ध्वपातित पाण्याच्या जवळ येईपर्यंत धूत राहावे. शेवटी एकदा इथेनॉलने धुऊन ६० ते ८० अंशाला रात्रभर वाळवावे. मग मफल भट्टीत मिनिटाला ५ अंश या गतीने ४५० अंशापर्यंत नेऊन दोन तास भाजावे. गरम असताना पूड पिवळी दिसते आणि थंड झाल्यावर पांढरी होते. हा झिंक ऑक्साइडचा गुणधर्मच आहे. थंड झाल्यावरही राखाडी किंवा तपकिरी राहिली तर आत कार्बन उरला आहे असे समजावे.

कृतीत ॲसिटेट घेण्यामागे कारण आहे. अनेक ठिकाणी झिंक नायट्रेट वापरतात आणि साका न धुता सगळा रगडा आटवून तसाच भट्टीत घालतात. नायट्रेट ऑक्सिडीकारक आणि वाळलेला अर्क इंधन, म्हणजे हे ज्वलनाचे मिश्रणच झाले. ते एकाएकी पेट घेते, मूस फुटू शकते, पूड भट्टीभर उडते आणि नायट्रोजन डायऑक्साइडचा विषारी तपकिरी धूर निघतो. ही पद्धत मुद्दाम वापरणारे संशोधक अगदी थोड्या मात्रेत, धूरकपाटात आणि आडोसा ठेवून काम करतात. शाळेच्या प्रयोगशाळेत हे करू नये.

पूड झाल्यावर पहिली तपासणी वजनकाट्यावर होते. २.२ ग्रॅम झिंक ॲसिटेटपासून जास्तीत जास्त सुमारे ०.८ ग्रॅम झिंक ऑक्साइड मिळू शकते. हाती १.१ ग्रॅम आले तर आनंद मानू नये. ते जास्तीचे वजन अर्कातले सेंद्रिय पदार्थ, न धुतलेले सोडियमचे क्षार किंवा पानांतल्या पोटॅशियम-कॅल्शियमची राख असते. क्ष-किरण विवर्तनात ३१.८, ३४.४ आणि ३६.३ अंशांवर तीन ठळक शिखरे दिसली पाहिजेत. त्यावरून कणाचा आकार शेररच्या सूत्राने काढतात आणि तिथे दोन चुका नेहमी होतात: शिखराची रुंदी अंशांतच ठेवणे आणि निम्म्या कोनाऐवजी पूर्ण कोन घालणे. ३६.३ अंशांवरच्या शिखराची रुंदी ०.४ अंश असेल तर ती ०.००७ रेडियन होते आणि तांब्याच्या किरणासाठी आकार सुमारे २१ नॅनोमीटर येतो. रुंदी अंशांत ठेवली तर उत्तर ०.३६ नॅनोमीटर येते. झिंक ऑक्साइडच्या स्फटिकाच्या एका एककाची उंचीच ०.५२ नॅनोमीटर आहे. त्याहून लहान स्फटिक असणार कसा? शिवाय हा आकार स्फटिकाचा झाला. कण एकमेकांना चिकटून झालेला गोळा त्याच्या कित्येक पट मोठा असू शकतो.

दुसरा मुद्दा ‘वनस्पतीच्या रेणूंचे आवरण असलेले कण’ या दाव्याचा. ४५० अंशाला दोन तास भाजल्यावर पॉलिफिनॉल उरत नाहीत. आवरण हवे असेल तर पूड भाजता येत नाही, आणि भाजली तर आवरणाचे गुण सांगता येत नाहीत. एकाच अहवालात हे दोन्ही दावे दिसले की वाचकाने सावध व्हावे.

मग रंगाची चाचणी. १९७२ मध्ये अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाशाच्या साहाय्याने पाण्याचे विघटन दाखवले आणि तेव्हापासून प्रकाश-उत्प्रेरणावर अफाट काम झाले आहे. तत्त्व असे की पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की ऑक्साइडमध्ये इलेक्ट्रॉन सुटतो, मागे रिक्त जागा राहते, आणि त्यातून पाण्यात हायड्रॉक्सिलसारखे मूलक (अतिक्रियाशील रेणूखंड) तयार होऊन ते सेंद्रिय रेणू तोडतात. ‘पुरेशा ऊर्जेचा’ ही अट मोठी आहे. झिंक ऑक्साइडला साधारण ३७५ नॅनोमीटरपेक्षा आणि टायटॅनियम डायऑक्साइडच्या ॲनाटेज रूपाला ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबी लागते. सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेत अतिनील भाग जेमतेम ५ टक्के असतो. खोलीतल्या एलईडी दिव्यात तो जवळजवळ नसतोच.

तरीही त्या दिव्याखाली मिथिलीन ब्लूचा, म्हणजे चाचणीतल्या नेहमीच्या निळ्या रंगद्रव्याचा, रंग उडतो. का उडतो, हे पाहण्यासारखे आहे. एक तर मिथिलीन ब्लू स्वतःच दृश्य प्रकाश शोषते आणि उत्प्रेरकाला स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन बिघडते. त्यामुळे ‘दृश्य प्रकाशात चालणारा उत्प्रेरक’ सिद्ध करायला हा रंग चालत नाही. दुसरे कारण वनस्पतीच्या पद्धतीत फार वेळा घडते. झिंक ऑक्साइडचा पृष्ठभाग साधारण ९ या सामूपर्यंत धनभारित असतो आणि मिथिलीन ब्लूही धनभारित. म्हणजे स्वच्छ कणांनी हा रंग फारसा धरू नये. पण कणांवर अर्काचे अवशेष किंवा कार्बन असेल तर त्यांच्यावरचे ऋणभारित गट हा रंग घट्ट धरतात. पाणी नितळ होते, रंग मात्र पुडीवर बसलेला असतो. पूड गाळून इथेनॉलमध्ये हलवावी. इथेनॉल निळे झाले तर रेणू तुटलेले नाहीत, फक्त जागा बदलली आहे. तिसरी शक्यता क्षपणाची. अर्कातल्या रेणूंनी मिथिलीन ब्लूचे रंगहीन रूप केले असेल तर नळी हवेत जोराने हलवल्यावर निळा रंग परत येतो.

म्हणून चाचणीत चार नळ्या असाव्यात: पूड आणि प्रकाश, पूड पण अंधार, प्रकाश पण पूड नाही, आणि अर्काशिवाय केलेली पूड व प्रकाश. लिटरला ५ मिलिग्रॅम रंगाचे १०० मिलिलिटर द्रावण आणि ५० मिलिग्रॅम पूड पुरते. लिटरला १० मिलिग्रॅम घेतले तर ६६४ नॅनोमीटरवरचे शोषण २ च्या वर जाते आणि साध्या रंगमापकाचे वाचन तिथे भरवशाचे राहत नाही. त्या वेळी मोजण्यापूर्वी नमुना विरल करावा. आधी अंधारात ढवळत ठेवून लागोपाठ दोन वाचने सारखी येईपर्यंत थांबावे, मगच दिवा लावावा. नमुना सेंट्रिफ्यूज करून मोजावा, कारण तरंगणारे कण प्रकाश विखुरतात आणि वाचन फुगवतात. पडद्याच्या गाळणीने गाळू नये, काही पडदे हा रंग स्वतःच धरतात. आणि फक्त एका तरंगलांबीवर न मोजता पूर्ण वर्णपट घ्यावा. ६६४ चे शिखर खाली येत येत डावीकडे सरकत असेल तर रेणूवरचे मिथिल गट गळत आहेत, पण सांगाडा शाबूत आहे. सांगाडाही तुटून कार्बन डायऑक्साइड झाला का, हे एकूण सेंद्रिय कार्बन मोजल्याशिवाय कळत नाही. न भाजलेल्या पुडीत तर हा आकडा कधी कधी वाढलेला सापडतो, कारण अर्काचे अवशेष पाण्यात उतरतात.

हे सगळे झाले ऊर्ध्वपातित पाण्यात. विहिरीच्या किंवा नदीच्या पाण्यात बायकार्बोनेट असते, ते हायड्रॉक्सिल मूलक गिळते. कुजलेल्या पालापाचोळ्यातून आलेले ह्युमिक पदार्थ प्रकाश अडवतात आणि मूलकही खातात. फॉस्फेट पृष्ठभागावरची जागा बळकावते. त्यामुळे प्रत्यक्ष पाण्यात वेग खूप घटतो, आणि तो किती घटतो हे त्याच पाण्यात मोजावे लागते.

जंतूंबद्दलचा गैरसमज आम्हाला सर्वांत चिंतेचा वाटतो. आगरच्या थाळीत पुडीभोवती जंतूविरहित वर्तुळ दिसले, म्हणून पूड पाणी निर्जंतुक करते असे ठरत नाही. ते वर्तुळ आगरमध्ये पसरणाऱ्या जस्ताच्या आयनांमुळेही येते, आणि वापरलेली मात्रा पाण्यात घालता येईल त्याहून बरीच जास्त असते. पाण्यासाठी मोजायचे ते जिवंत जंतू. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय आढळता कामा नये. ‘९९ टक्के जंतू नष्ट’ हा मथळा भारदस्त वाटतो, पण १०० मिलिलिटरमध्ये १,००,००० जंतू असतील तर ९९ टक्क्यांनंतरही १,००० उरतात. ते पाणी पिणाऱ्याला जुलाब होऊ शकतात. उकळणे आणि क्लोरीन यांची जागा ही पूड घेऊ शकत नाही.

आर्सेनिक हे मात्र असे क्षेत्र आहे की जिथे धातूच्या ऑक्साइडचे काम खरोखर आश्वासक आहे, विशेषतः लोहाच्या ऑक्साइडचे. मॅग्नेटाइट करायला ५.४ ग्रॅम फेरिक क्लोराइड हेक्झाहायड्रेट आणि २.८ ग्रॅम फेरस सल्फेट हेप्टाहायड्रेट घेतले की फेरिक-फेरसचे २:१ प्रमाण साधते. ऑक्सिजन काढून टाकलेल्या पाण्यात, अमोनियाने सामू १० वर नेला की सुमारे २.३ ग्रॅम काळा, चुंबकाकडे धावणारा साका मिळतो. अर्क आधी घातला तर तो फेरिकचे फेरस करून हेच प्रमाण बिघडवतो. म्हणून अर्क घालायचाच असेल तर साका तयार झाल्यावर घालावा. साका तपकिरी होऊ लागला तर हवा आत शिरली आहे.

आर्सेनिकच्या बाबतीत फसवणूक होते ती क्षमतेच्या आकड्यात. लिटरला १०० मिलिग्रॅम आर्सेनिक असलेल्या द्रावणात मोजलेली ‘ग्रॅमला ५० मिलिग्रॅम’ अशी क्षमता विहिरीच्या पाण्याला लागू होत नाही. तिथे लिटरला ०.१ मिलिग्रॅम आर्सेनिक असते आणि ते ०.०१ वर आणायचे असते. एवढ्या कमी संहतीला ग्रॅमला १ मिलिग्रॅम इतकेच धरले गेले, तर लिटरमागे ९० मिलिग्रॅम पूड लागेल. त्यात आर्सेनाइट रूपातले आर्सेनिक नेहमीच्या सामूला भाररहित असल्याने अनेक पद्धतींच्या हाती सहज लागत नाही, आणि फॉस्फेट व सिलिकेट त्याच जागांसाठी झगडतात. चाचणी कमी संहतीला, हे आयन घालूनच करावी.

शेवटी पूड पाण्यातून बाहेर काढण्याचा प्रश्न. २० ते ५० नॅनोमीटरचे सुटे कण खाली बसत नाहीत. नेहमीच्या क्रमांक १ च्या गाळणकागदाची छिद्रे साधारण ११ मायक्रोमीटरची, म्हणजे कणाच्या किमान दोनशे पट असतात. ०.४५ मायक्रोमीटरच्या पडद्यातूनही सुटे कण निघून जातात, आणि मग गाळलेल्या पाण्यातला धातू ‘विरघळलेला’ म्हणून नोंदवला जातो. नितळ दिसणाऱ्या पाण्यातून लेसर सोडून पाहावा. किरणाची वाट दिसली तर कण आत आहेत. ती दिसली नाही म्हणून निश्चिंतही होऊ नये. शुद्ध केलेले पाणी न गाळता नायट्रिक आम्लाने आम्लीय करून त्यातला एकूण धातू अणुशोषण उपकरणावर मोजावा. झिंक ऑक्साइड उदासीन पाण्यातही लिटरला काही मिलिग्रॅम विरघळते. ३ मिलिग्रॅमच्या वर जस्त असलेले पाणी चवीला आणि दिसायला लोकांना रुचत नाही. माणसाला याचा मोठा अपाय नसला तरी पाण्यातल्या शैवालांना आणि सूक्ष्म कवचधारी जिवांना याहून कितीतरी कमी मात्रा बाधते. कॉपर ऑक्साइडच्या बाबतीत तर पाण्यातल्या तांब्याची मार्गदर्शक मर्यादाच लिटरला २ मिलिग्रॅम आहे.

यावर उपाय म्हणून कण वाळूवर, काचेवर किंवा अल्जिनेटच्या (समुद्री शैवालापासून मिळणाऱ्या जेलच्या) मण्यांत बसवतात. मणी करणे सोपे आहे: २ टक्के सोडियम अल्जिनेटमध्ये पूड मिसळून २ टक्के कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब सोडायचे. आर्सेनिकसाठी ते चालतात. प्रकाश-उत्प्रेरणासाठी ते चालत नाहीत, कारण मण्याच्या आत प्रकाश पोचत नाही आणि तयार होणारे मूलक अल्जिनेटच कुरतडतात. फॉस्फेट जास्त असलेल्या पाण्यात मणी काही दिवसांत मऊ पडून फुटतात.

कोरडी पूड हाताळताना कण श्वासावाटे जाणार नाहीत असा मुखपट्टा आणि धूरकपाट हवे. श्वासावाटे जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने संभाव्य कर्ककारकांच्या २-ब गटात ठेवले आहे. उरलेली पूड आणि धुवणाचे पाणी मोरीत ओतू नये. आर्सेनिक धरलेली पूड तर मातीत किंवा कंपोस्टमध्ये कधीही टाकू नये. तिथे ऑक्सिजन संपला की लोहाचे ऑक्साइड विरघळते आणि धरलेले आर्सेनिक पुन्हा भूजलात उतरते. ती बंद डब्यात, नाव व तारीख लिहून, घातक कचरा म्हणूनच सुपूर्द करावी. अशा प्रयोगाची पुढची बातमी छापताना आपल्या वार्ताहरांनी प्रयोगकर्त्यांना एवढे तरी विचारावे: अर्काशिवाय केलेल्या पुडीचा निकाल काय आला, शुद्ध केलेल्या पाण्यात धातू किती उरला आणि वापरलेली पूड कुठे गेली.

आपले,
रसायनशास्त्राचे काही अध्यापक